हत्तीचे शेपूट: २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घाताचे शेवटचे चार अंक

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी गिम्प्स या स्वयंसेवकांच्या संगणन-प्रकल्पाने तोपर्यंत सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर केली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, एवढीच तिची व्याख्या आहे. पण दशमान पद्धतीत ती पूर्ण लिहायची तर ४,१०,२४,३२० अंक लागतात. एका पानावर तीन हजार अंक बसवले, तरी तेरा हजार सहाशेहून अधिक पाने भरतील. ही संख्या शोधणारे ल्यूक ड्युरंट हे एनव्हिडिया कंपनीतील माजी कर्मचारी असून त्यांनी सतरा देशांतील संगणन-केंद्रांमधले ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन या कामाला जुंपले होते.

या संख्येविषयी एक छोटा प्रश्न येथे प्रकरण म्हणून घेतला आहे. तिचे शेवटचे चार अंक संगणकाविना, कागद-पेन्सिलीने काढता येतील काय, आणि काढता आले तर त्यांवरून तिच्याविषयी नेमके काय कळते? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आणि सुखद आहे, दुसऱ्याचे तितके सुखद नाही, आणि माझ्या मते प्रकरणाचे खरे मोल त्या दुसऱ्या भागातच आहे. मोठे काम उरकून किरकोळ उरले की आपण 'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' असे म्हणतो. येथे शेपूट पाच-दहा मिनिटांत हाती येते आणि हत्ती जागचा हलत नाही.

लेखनाच्या सोयीसाठी '२ चा ४१ वा घात' हे पुढे २^४१ असे लिहिले आहे, आणि १३,६२,७९,८४१ या घातांकाला 'आपला घातांक' म्हटले आहे.

सुरुवात एकक स्थानापासून करू. २ चे घात ओळीने लिहिले तर एकक स्थानी २, ४, ८, ६ हे अंक येतात आणि पुन्हा २ पासून तीच फेरी सुरू होते. गुणाकाराचा एकक अंक गुण्य आणि गुणक यांच्या एकक अंकांवरूनच ठरतो, त्यामुळे प्रत्येक घाताचा एकक अंक त्याच्या आधीच्या घाताच्या एकक अंकावरून निश्चित होतो. अंक दहाच असल्यामुळे कधी ना कधी आधीचा अंक पुन्हा येणार, आणि तो आला की पुढचे सगळे ठरल्याप्रमाणे पुन्हा घडणार. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती पाठ असते: घातांकाला ४ ने भागा, जी बाकी येईल तो घात घ्या, आणि बाकी शून्य आली तर चौथा घात घ्या. आपल्या घातांकाचे शेवटचे दोन अंक ४१ आहेत, म्हणून ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, घाताचा एकक अंक २ येतो, आणि १ वजा केल्यावर आपल्या मूळ संख्येचा एकक अंक १ ठरतो.

त्या युक्तीतले शेवटचे कलम मात्र जरा थांबून पाहण्याजोगे आहे. बाकी शून्य आली तर शून्यावा घात, म्हणजे १, का घ्यायचा नाही? ३ किंवा ७ यांच्या बाबतीत तो घेतला तरी चालते, कारण ८१ आणि २४०१ या दोन्ही चौथ्या घातांच्या एकक स्थानी १ च आहे. २ च्या बाबतीत मात्र १ हा अंक फेरीत कधीच परत येत नाही, कारण २^० ही एक विषम संख्या सोडली तर २ चे पुढचे सगळे घात सम आहेत. म्हणजे फेरीच्या दाराशी एक अंक असा उभा आहे, जो आत शिरत नाही. एका अंकापुरते हे कलम पाठ करून भागते. दोन अंकांकडे गेलो की तेवढे कलम पुरत नाही आणि युक्ती चुकीचे उत्तर काढून देऊ शकते.

शेवटचे दोन अंक २^१ पासून लिहीत गेलो तर ओळ अशी होते: ०२, ०४, ०८, १६, ३२, ६४, २८, ५६, १२, २४, ४८, ९६, ९२, ८४, ६८, ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२, आणि मग पुन्हा ०४. फेरी वीस पायऱ्यांची आहे, पण ती २^१ पासून सुरू न होता २^२ पासून सुरू होते. २^२१ म्हणजे २०,९७,१५२. त्याच्या शेवटी ५२ आहे, ०२ नाही. आपल्या घातांकाला २० ने भागल्यावर बाकी १ उरते, त्यामुळे घाईत कोणीही २^१ घेऊन ०२ आणि वजाबाकीनंतर ०१ असे उत्तर लिहील, आणि ते चूक असेल. बरोबर उत्तर २^२१ वरून मिळते: ५२, आणि वजाबाकीनंतर ५१. ही चूक पकडायला मोठी पडताळणी लागत नाही. इतक्या मोठ्या घाताला ४ ने भाग जातोच, म्हणून त्याच्या शेवटच्या दोन अंकांनाही ४ ने भाग गेला पाहिजे. ०२ ला तो जात नाही.

वीसच पायऱ्या का, याचे कारण १०० चे ४ आणि २५ असे दोन भाग पाडल्यावर उलगडते. ४ ने भागले असता २^२ पासून पुढच्या प्रत्येक घाताची बाकी शून्यच येते, त्यामुळे ४ चा भाग फेरीची लांबी वाढवत नाही. तो फक्त दाराशी थांबणाऱ्यांची संख्या ठरवतो. लांबी ठरवतो तो २५ चा भाग. २^४ मधून १ वजा केला तर १५ उरतात, ज्यात ५ हा अवयव एकदाच आहे. २^२० मधून १ वजा केला तर १०,४८,५७५ उरतात, ज्यात ५ हा अवयव बरोबर दोनदा आहे. २^१०० मधून १ वजा केला तर त्यात तो बरोबर तीनदा सापडतो. एखादी संख्या '५ च्या एका घाताच्या पटीहून १ ने जास्त' या रूपात असेल, तर तिचा पाचवा घात द्विपद प्रमेयाने विस्तारल्यावर दुसऱ्या पदात एक ५ नव्याने येतो आणि पुढची पदे त्याहून अधिक ५ घेऊन येत असल्यामुळे ती या मोजणीत ढवळाढवळ करीत नाहीत. म्हणून शेवटचा एक अंक वाढवला की फेरी पाचपट होते: एका अंकासाठी ४, दोनांसाठी २०, तिनांसाठी १००, चारांसाठी ५००. पाया बदलला की हे आकडे बदलतात, हेही लक्षात ठेवावे. ७ च्या घातांचे शेवटचे दोन अंक ०७, ४९, ४३, ०१ एवढ्या चारच पायऱ्यांत फिरतात, कारण ७^४ मधून १ वजा करताच २४०० हाती येतात.

तीन अंकांची फेरी १०० पायऱ्यांची असणे ही आपली सोयच आहे, कारण १०० ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे घातांकाचे शेवटचे दोन अंक, ४१. म्हणून आपल्या घाताचे शेवटचे तीन अंक २^४१ च्या शेवटच्या तीन अंकांइतकेच असले पाहिजेत. २^४१ म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२. त्यातून १ वजा केला की शेवटी ५५१ उरतात. म्हणजे ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची ही संख्या आणि तेरा अंकी २^४१ − १ यांचे शेवटचे तीन अंक तंतोतंत एक आहेत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. २^४१ − १ ही संख्या मूळ नाही. ती १३,३६७ आणि १६,४५,११,३५३ यांचा गुणाकार आहे. तिचा घातांक ४१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे घातांकाचे अवयव पाडून तिचे अवयव मिळावेत अशी सवलतही येथे नाही. दोन अंकांपुरते पाहिले तर ५१ हेच शेपूट २^६१ − १ लाही आहे, म्हणजे २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१ या संख्येलाही, आणि ती मूळ असल्याचे रशियातील पेर्वुशिन यांनी १८८३ साली दाखवले होते. हेच ५१ हे शेपूट २^२१ − १ लाही आहे, पण तिला सरळ ७ ने भाग जातो. शेपूट सारखे, जात वेगळी. शेवटचे अंक घातांकाच्या बाकीखेरीज आणखी काहीही जाणत नाहीत; ज्या दोन घातांकांना ५०० ने भागल्यावर सारखी बाकी उरते, ते पुरेसे मोठे असले तर त्यांचे शेवटचे चार अंक वेगळे असूच शकत नाहीत, मग एकापासून मूळ संख्या मिळो आणि दुसऱ्यापासून न मिळो. फार तर एवढे म्हणता येते की घातांक विषम असेल तर २ चा घात २ किंवा ८ वर संपतो, आणि वजाबाकीनंतर १ किंवा ७ उरतो. मूळ-अमूळ ठरवायला या माहितीचा उपयोग शून्य आहे, कारण त्या दोन्ही अंकांवर संपणाऱ्या मूळ संख्याही आहेत आणि अवयव पडणाऱ्या संख्याही.

चौथ्या अंकासाठी मात्र थोडे हात चालवावे लागतात. आपल्या घातांकाला ५०० ने भागले तर बाकी ३४१ उरते. २^३४१ ही १०३ अंकी संख्या पूर्ण काढण्याची गरज नाही. वर्गामागून वर्ग करीत जायचे आणि प्रत्येक वेळी शेवटचे चार अंक तेवढे ठेवायचे. २^१६ म्हणजे ६५,५३६, त्यातले ५५३६ घेतले. २^३२ चे शेवटचे चार अंक ७२९६, त्यांचा वर्ग ५,३२,३१,६१६, म्हणून २^६४ साठी १६१६. त्यांचा वर्ग २६,११,४५६, म्हणून २^१२८ साठी १४५६. पुन्हा वर्ग २१,१९,९३६, म्हणून २^२५६ साठी ९९३६. आता ३४१ म्हणजे २५६ + ६४ + १६ + ४ + १; द्विमान पद्धतीत ही संख्या १०१०१०१०१ अशी एकाआड एक येते, हा योगायोग पाहून बरे वाटते. तेव्हा ९९३६, १६१६, ५५३६, १६ आणि २ यांचा गुणाकार करायचा. ९९३६ म्हणजे दहा हजारांना ६४ कमी, म्हणून पहिल्या दोघांचा गुणाकार ६४ × १६१६ = १,०३,४२४ इतका 'कमी', म्हणजे शेवटचे चार अंक ६५७६. त्याला ५५३६ ने गुणले की ३,६४,०४,७३६, म्हणजे ४७३६. त्याला १६ ने गुणले की ७५,७७६, म्हणजे ५७७६. शेवटी २ ने गुणले की ११,५५२, म्हणजे १५५२. वजाबाकीनंतर उत्तर १५५१.

प्रसिद्ध झालेल्या पूर्ण विस्ताराच्या शेवटी ८७१५५१ हे अंक आहेत. कागदावरचे चार अंक त्यांच्याशी जुळतात.

३४१ ही बाकी येथे यावी हाही एक गमतीचा योग आहे, आणि तो विषयाला सोडून नाही. मूळ संख्येची एक जुनी कसोटी फर्मा यांच्या प्रमेयावर उभी आहे: संख्या 'न' विषम आणि मूळ असेल, तर २ चा (न − १) वा घात 'न' ने भागला असता बाकी १ उरते. ३४१ ही संख्या ११ × ३१ आहे, म्हणजे मूळ नाही; तरीही २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १ असल्यामुळे २^३४० ला ३४१ ने भागल्यावर बाकी १ च उरते. २ हा पाया धरला तर या कसोटीला फसवणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. कसोटी अशी फसू शकते, म्हणून आपल्या विक्रमी संख्येच्या बाबतीतही काम दोन टप्प्यांत झाले. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधील एका ग्राफिक्स प्रोसेसरने फर्मा-पद्धतीच्या कसोटीवरून ती 'बहुधा मूळ' असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील दुसऱ्या प्रोसेसरने लुकास–लेमर कसोटीने ती निश्चितपणे मूळ असल्याचे दाखवले.

ही दुसरी कसोटी म्हणजेही वर्ग आणि बाकी यांचाच खेळ आहे. ४ पासून सुरुवात करायची. प्रत्येक पायरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. २^५ − १ = ३१ साठी तीन पायऱ्या लागतात: ४ वरून १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. आपल्या संख्येसाठी १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात. वर कागदावर केलेले काम आणि त्या प्रोसेसरने केलेले काम यांत हत्यार एकच आहे. भाजक मात्र तिकडे दहा हजार नसून ती ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची संख्याच आहे. म्हणजे संख्येच्या स्वभावाची माहितीही बाकीतूनच मिळते, पण ती १० च्या घाताने भागून मिळत नाही.

शेपटाचा उपयोग मग काहीच नाही, असेही म्हणणे बरोबर ठरणार नाही. १६४४ साली फ्रेंच गणिती मर्सेन यांनी २^६७ − १ ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली होती; १८७६ मध्ये लुकास यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण अवयव हाती आले नव्हते; १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोल यांनी ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ही जोडी चुकीची लिहिली गेली नाही ना, एवढे पाहायला शेपूट पुरते. ६७ ला २० ने भागल्यावर बाकी ७, २^७ = १२८, म्हणून शेवटी २८ आणि वजाबाकीनंतर २७; इकडे २१ × ८७ = १८२७, शेवटी २७. लिहिताना शेवटचा एखादा अंक चुकला, तर तो बहुधा येथेच सापडतो. हे राखणदाराचे काम झाले, शोधकाचे नव्हे.

शेवटच्या अंकांवरून मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह जुना आहे. स्वतः सोडून इतर सर्व विभाजकांची बेरीज केली असता जी संख्या स्वतःइतकीच भरते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. इसवी सन १०० च्या सुमारास गेरासा येथील निकोमाकस यांच्यापुढे अशा चारच संख्या होत्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८. त्यांच्या एकक स्थानी ६, ८, ६, ८ असे आळीपाळीने येते हे पाहून हा नियम पुढेही चालेल असे त्यांनी मानले. पाचवी ३,३५,५०,३३६ आणि सहावी ८,५८,९८,६९,०५६ या दोन्ही संख्या ६ वर संपल्या आणि नियम मोडला. कारण घातांकात आहे. सम परिपूर्ण संख्या २ चा एक घात आणि त्याच्या पुढच्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या (हिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात) यांच्या गुणाकाराने बनते. मूळ संख्येच्या घातांकाला ४ ने भागून बाकी १ उरली तर गुणाकार ६ वर संपतो, ३ उरली तर ८ वर, आणि घातांक २ असता ६ हीच संख्या मिळते. पुढचे आठ घातांक १३, १७, १९, ३१, ६१, ८९, १०७, १२७ असे आहेत, आणि त्यांपासून ६, ६, ८, ८, ६, ६, ८, ८ असा क्रम येतो. निकोमाकस यांच्या हाती चार उदाहरणे होती; येथे आठ आहेत आणि जोडीजोडीचा नियम डोळ्यांत भरतो. नंतरचे घातांक ५२१ आणि ६०७ येतात, ६ नंतर लगेच ८ येतो, आणि हाही नियम संपतो. आपल्या घातांकाची ४ ने भागल्यावरची बाकी १ आहे, म्हणून त्याच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या ६ वर संपते. तीन अंक हवे असतील तर २^४० चे ७७६ आणि वर मिळालेले ५५१ यांचा गुणाकार ४,२७,५७६, म्हणजे ५७६.

या पद्धतीला किती पुढे नेता येईल, हे पाहणे बाकी आहे. अंकामागे फेरी पाचपट होत असल्यामुळे अकरा अंकांची फेरी ३,९०,६२,५०० पायऱ्यांची आणि बारा अंकांची १९,५३,१२,५०० पायऱ्यांची आहे. दुसरा आकडा आपल्या घातांकापेक्षाच मोठा आहे, म्हणजे बाराव्या अंकापासून घातांकाला फेरीने भागून लहान करण्याची सवलत संपते. वर्ग करीत जाण्याची पद्धत मात्र संपत नाही: आपला घातांक २^२७ आणि २^२८ यांच्या मध्ये आहे, त्यामुळे सत्तावीस वर्ग आणि काही गुणाकार एवढ्यात शेवटचे शंभर अंकही निघतील, फक्त प्रत्येक गुणाकार शंभर अंकी असेल. दुसऱ्या टोकाकडूनही वाट आहे. घातांकाला २ च्या (१० पायाच्या) लॉगॅरिदमने गुणले तर ४,१०,२४,३१९.९४५३ च्या आसपास उत्तर येते. पूर्णांकात १ मिळवला की अंकसंख्या मिळते आणि अपूर्णांकावरून सुरुवातीचे अंक ८८१६ असल्याचे कळते. या वाटेनेही जितके अंक अधिक हवेत तितकी लॉगॅरिदमची स्थाने अधिक लागतात. दोन्ही टोकांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असलेला, उजवीकडून २,०५,१२,१६० वा अंक यांपैकी कोणत्याही वाटेने स्वस्तात येत नाही. तो हवा असेल तर दोन कोटींहून अधिक अंकांचे गुणाकार करावे लागतात, किंवा कोणीतरी आधीच केलेल्या गुणाकारांची चार कोटी अंकांची फाइल उघडून त्यात तो शोधावा लागतो.